बाही किती लांब, फूल कुठल्या महिन्याचं?

मागच्या अंकात जपानी किमोनोची घडी कशी घालतात यावर थोडं लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली, पण घडीबद्दल एकीनेही विचारलं नाही! सगळ्यांना अर्थ हवे आहेत. या फुलाचा अर्थ काय, त्या रंगाचा काय, केसांत झुलणाऱ्या त्या पाकळ्या कशासाठी. फोनवर तशा याद्या फिरतातही: सारस म्हणजे हजार वर्षांचं आयुष्य, कासव म्हणजे दहा हजार. याद्या खोट्या नाहीत. पण क्योतोत निशिजिन भागात ज्या बाईंच्या घरी मी भाड्याने राहत होते त्यांनी मला किमोनो नेसायला शिकवला, तेव्हा सुरुवात अर्थापासून कधीच झाली नाही. कपाट उघडण्याआधी त्या विचारायच्या, आज तारीख काय? निघालीस कुठे? आणि तिथे तू कोण, पाहुणी, घरातली, की नुसती बघी? एवढं ठरलं की निम्मे किमोनो आपोआप बाद व्हायचे. पुढची उत्तरं वाचताना हे लक्षात असू द्या.

प्रश्न (नाशिक): मुलाने ओसाकाहून आणलेला किमोनो मी सोसायटीच्या कार्यक्रमात घातला. फोटो पाहून त्याच्या ओळखीच्या जपानी बाईंनी 'असा घालू नका, अशुभ असतं' असं कळवलं. माझं काय चुकलं?

उत्तर: ताई, एवढंच की उजवी बाजू वर आली. किमोनोची उजवी बाजू आधी अंगालगत घ्यायची आणि डावी तिच्यावरून आणायची. बायकांनी तसंच, पुरुषांनीही तसंच. शर्टाच्या बटणांसारखा इथे भेद नाही. नियम जुना आहे. 719 साली, सम्राज्ञी गेन्शो गादीवर असताना, सर्व लोकांनी कपडा उजवी बाजू आत घेऊन नेसावा असं फर्मान निघालं. तेव्हा चीनच्या दरबारात जे चाले ते जपानच्या दरबारात उचललं जाई.

पण तेराशे वर्षांपूर्वीच्या फर्मानाला आज कोण भीक घालतो? धाक आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. मृताला अखेरचा पांढरा पोशाख घालतात तो उलटा, उजवी बाजू वर घेऊन. त्या घरी त्या दिवशी बरंच काही मुद्दाम उलटं करायची जुनी रीत आहे. एरवी गरम पाण्यात गार ओतून ते कोमट करतात. मृताच्या स्नानासाठी आधी गार पाणी घेऊन त्यात गरम ओततात. उशाशी घडीचा पडदा उभा करतात तोही वरची बाजू खाली करून. मेलेल्याची वाट आणि जिवंतांचं घर यांची गल्लत होऊ नये म्हणून हा खटाटोप. तुमचा फोटो पाहून त्या बाईंच्या पोटात गोळा आला असेल तो यामुळे. तुम्हाला हिणवायला त्यांनी लिहिलेलं नाही.

सोपी खूण सांगते. नेसून झाल्यावर उजवा हात गळ्यापाशी सहज आत शिरला पाहिजे. हॉटेलात रात्री घालायला सुती युकाता देतात, त्यालाही हेच लागू. आणि हो, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कधीकधी आरशासारखा उलटा येतो. पुढच्या वेळी कुणी टोकलं तर आधी फोटोतली मागची पाटी वाचता येते का ते बघा!

प्रश्न (कोल्हापूर): जपानी बायकांच्या पोशाखात कुंकू-मंगळसूत्रासारखी लग्नाची खूण असते का? विधवेचा किमोनो वेगळा असतो का?

उत्तर: खूण आहे, आणि ती बाहीत आहे. अविवाहित मुलीचा सगळ्यात थाटाचा किमोनो म्हणजे फुरिसोदे. त्याच्या बाह्या हाताखालून लोंबत पार घोट्यापर्यंत येतात. सर्वांत लांब प्रकारात साधारण 114 सेंटीमीटर. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी जपानभर सज्ञान झालेल्यांचा दिवस साजरा होतो, त्या दिवशी स्टेशनांवर फुरिसोदेंची नुसती जत्रा असते. 2022 पासून कायद्याने सज्ञान होण्याचं वय 18 वर आलं, तरी बहुतेक गावांनी समारंभ वीस वर्षांच्या मुलामुलींसाठीच ठेवला. अठराव्या वर्षी सगळे परीक्षांत बुडालेले असतात, फुरिसोदे कोण नेसणार?

लग्न झालं की बाही आखूड. तिथला मानाचा किमोनो म्हणजे कुरोतोमेसोदे, काळाभोर, नक्षी फक्त कमरेखाली, आणि घराण्याची पाच चिन्हं: पाठीवर एक, दोन्ही बाह्यांच्या मागे एकेक, छातीवर दोन. हा नेसतात वराची आई आणि वधूची आई. लग्नात काळा म्हटल्यावर आपल्याकडच्या आत्याबाई भोवळ येऊन पडतील, पण तिथे याच्याहून मोठा मान नाही. चिन्हं पाचाऐवजी तीन असली तर मान एक पायरी उतरतो, एकच असलं तर आणखी एक. अनोळखी समारंभात कोण यजमान आणि कोण पाहुणा हे मी पाठीवरच्या चिन्हांवरूनच ताडायला शिकले.

पूर्वी खुणा याहून ठळक होत्या. एदो काळात (1603 ते 1868) लग्न झालेली बाई दात काळे करी आणि केसांचा अंबाडा गोल बांधी. कुमारिकेची केशरचना वेगळी. 1873 मध्ये सम्राज्ञीने दात काळे करणं सोडलं आणि हळूहळू ती चाल मावळली. केसांचं वळण गेलं, बाही तेवढी राहिली.

विधवेबद्दल विचारलंत. शोकाचा किमोनो आहे: संपूर्ण काळा, नक्षीचा ठिपका नाही, वर पाच चिन्हं, ओबी म्हणजे कमरेचा रुंद पट्टाही काळा. पण तो त्या दिवसांपुरता नेसायचा. आलेल्या नातेवाईक बायकाही तोच नेसतात.

प्रश्न (म्हापसा): टोकियोत शिकणाऱ्या मुलीने जुन्या कपड्यांच्या दुकानातून चेरीच्या फुलांचा किमोनो घेतला. ऑक्टोबरमध्ये तिच्या विद्यापीठात समारंभ आहे. नेसला तर चालेल का?

उत्तर: आधी कापड नीट बघायला सांगा. फांदी, कळ्या, पानं असं झाडच हुबेहूब चितारलेलं असेल तर नको. नुसती पाच पाकळ्यांची ठशासारखी फुलं विखुरलेली असतील, किंवा चेरीच्या शेजारी शेवंती आणि मेपलची पानं अशी सगळ्या ऋतूंची गर्दी असेल, तर बिनदिक्कत नेसू दे.

माझ्या घरमालकीणबाई याच विषयावर तासन्तास बोलायच्या. फूल झाडावर यायच्या थोडं आधी अंगावर यावं, हा कायदा. प्लमची नक्षी कडाक्याच्या थंडीत, बागेतली कळी उमलायच्या आत. चेरी मार्चमध्ये. झाडं बहरली की तीच फुलं अंगावर घेऊन त्यांच्याखाली जाऊन उभं राहायचं नाही, कारण ते झाडाशी बरोबरी केल्यासारखं दिसतं. उन्हाळ्यात तर गंमतच. जुलै-ऑगस्टच्या चिकचिकाटात शरद ऋतूतली गवतं आणि फुलं नेसतात, आणि युकातावर चक्क बर्फाच्या कणांची नक्षी असते. बघणाऱ्याला गार वाटावं म्हणून! नेसणाऱ्याला घाम येतो तो येतोच.

नक्षीच्याही आधी येतं ते कापड. ऑक्टोबर ते मे अस्तराचा किमोनो, जून आणि सप्टेंबरात बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टमध्ये झिरझिरीत विणीचा. 1 जून आणि 1 ऑक्टोबर हे कपडे बदलायचे दिवस. शाळांचे गणवेशही त्याच सुमाराला बदलतात. अलीकडे मे महिन्यातच इतकं उकडतं की बिनअस्तराचा आधीच काढला तरी कुणी नाक मुरडत नाही. केसांतल्या काट्यालाही महिने आहेत. पोवळ्याचा मणी ऑक्टोबर ते मे, हिरव्या जेडचा जून ते सप्टेंबर.

हे सगळं एकाच डोक्यावर बघायचं असेल तर क्योतोतल्या माइको बघाव्यात. माइको म्हणजे गेइको (जगाच्या तोंडी गेइशा) होण्याआधीची शिकाऊ मुलगी, साधारण पंधरा ते वीस वर्षांची. तिच्या केसांतली रेशमी फुलं दर महिन्याला बदलतात. जानेवारीत पाइन-बांबू-प्लम. फेब्रुवारीत प्लम, मार्चमध्ये मोहरीची पिवळी फुलं, एप्रिलमध्ये चेरी, मेमध्ये विस्टेरियाचे जांभळे घोस, जूनमध्ये विलोची लोंबती पानं. जुलैत फुलाऐवजी गोल पंखे येतात, आणि गिओन उत्सवाच्या दिवसांत त्यासाठी खास वेगळा साज. ऑगस्टमध्ये गवताचे रुपेरी तुरे, सप्टेंबरात किक्योची निळसर घंटाफुलं, मग शेवंती, मग मेपल. वस्तीगणिक आणि घरागणिक थोडा फरक पडतो, पण क्योतोकर मुलीच्या डोक्याकडे बघून महिना सांगतात.

माझे आवडते दोन महिने मात्र टोकाचे. डिसेंबरमध्ये मिनामिझा नाट्यगृहात काबुकीचा, म्हणजे जुन्या पारंपरिक नाटकांचा, मोठा वार्षिक खेळ असतो. इमारतीबाहेर नटांच्या नावांच्या लाकडी पाट्या लागतात. माइकोच्या केसांत त्याच पाट्यांच्या बोटभर प्रतिकृती असतात, कोऱ्या. तिने रंगपटात जायचं आणि आवडत्या नटाकडून त्यावर नाव लिहून घ्यायचं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत केसांत खऱ्या भाताची लोंबी असते, माइकोच्या उजवीकडे आणि गेइकोच्या डावीकडे. लोंबीबरोबर एक पांढरं कबूतर, डोळे नसलेलं. एक डोळा मुलगी स्वतः काढते, दुसरा आपल्या मनातल्या माणसाकडून काढून घेते. लोंबीतले दाणे ओळखीच्यांना वाटतात; ते पैशाच्या पाकिटात ठेवले की वर्षभर पाकीट रिकामं राहत नाही, असा समज. माझ्याही पाकिटात होते. अनुभव विचारू नका.

मुलगी किती नवी आहे तेही अंगावर लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी फुलांच्या झुलत्या माळा गालाशी येतात आणि लाली फक्त खालच्या ओठाला. जसजशी वर्षं सरतात तशी माळ जाते, फुलं मोठी आणि मोजकी होतात, लाल गळपट्टीवर पांढरं भरतकाम वाढत जातं. गेइको झाली की गळपट्टी पूर्ण पांढरी. माइकोच्या किमोनोला खांद्यावर आणि बाहीवर मुद्दाम चुण्या शिवलेल्या असतात, लहान मुलीच्या कपड्याला वाढत्या अंगासाठी ठेवतात तशा. म्हणजे, हे अजून लेकरू आहे. पाठीवरून खाली लोंबणाऱ्या लांब ओबीच्या टोकाला तिच्या घराचं चिन्ह असतं. पोर रस्ता चुकली तर लोकांनी घरी पोचवावी म्हणून ते असतं, असं म्हणतात. केस माइकोचे स्वतःचे असतात. आठवड्यातून एकदा ते बांधून घ्यायचे आणि रात्री उंच टणक उशीवर मान टेकून झोपायचं. गेइको टोप घालते आणि सुखाने झोपते.

प्रश्न (डोंबिवली): आम्ही मैत्रिणी सॅटिन रिबनची फुलं करून सणासुदीला विकतो. क्लासमध्ये याला कान्झाशी म्हणून शिकवलं. जपानी लोक असंच करतात का?

उत्तर: कान्झाशी म्हणजे केसांत खोवायचा कुठलाही दागिना. एका मण्याचा काटाही कान्झाशी आणि चांदीच्या पट्ट्या लोंबणारा झुबकेदार काटाही कान्झाशी. तुम्ही करता त्या प्रकाराचं नाव त्सुमामी. चिमटीत धरून घड्या घालायच्या, ती पद्धत.

तिकडे रिबन नसते. पातळ पांढरं हाबुताए रेशीम रंगवून त्याचे छोटे चौकोन कापतात. चिमट्याने घड्या घालतात त्या मुख्यत्वे दोन तऱ्हांच्या: एकीची पाकळी गोल येते, दुसरीची टोकदार. तुम्ही रिबनची कड मेणबत्तीवर धरून वितळवता ना? रेशीम वितळत नाही, जळतं. म्हणून तिथे सगळा भार भाताच्या खळीवर. खळ आधी लाकडी फळीवर लाटण्यासारखी सारखी पसरतात, त्यात घडी घातलेल्या पाकळ्या ओळीने उभ्या रोवून ठेवतात. पाकळीच्या बुडाला खळ नीट लागली की एकेक उचलून गोल तळावर मांडायची. इथे हात हलका लागतो. खळ वर आली तर रेशमावर डाग, कमी पडली तर पाकळी उघडते. फुलं झाली की त्यांच्या तारा एकत्र करून रेशमी दोऱ्याने गुंडाळतात. टोकियोत या कामाला शहराच्या पारंपरिक हस्तकलांत जागा आहे, आणि कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत असं तिथे सगळेच हळहळून सांगतात.

पावसात ती फुलं टिकत नाहीत, खळ पाण्याने सुटते. डोंबिवलीच्या जुलैत तुमचं सॅटिन आणि ग्लू गनच शहाणं. खुशाल विका. पाटीवर 'जपानी त्सुमामी पद्धतीची फुलं' लिहा, म्हणजे खोटंही नाही आणि गिऱ्हाईकही थांबेल.

प्रश्न (लातूर): केसातला काटा हत्यार म्हणून वापरायच्या, हे खरं का?

उत्तर: सिनेमावाल्यांना फार सोयीचं आहे. जुन्या काट्यांच्या एका टोकाला प्रत्यक्षात काय असतं सांगू? कान कोरायची इवलीशी कोरणी! एदो काळात सरकार उठसूट चैनीच्या वस्तूंवर बंदी घाली. तेव्हा 'दागिना नाही हो, वापराची वस्तू आहे' असं म्हणता यावं म्हणून कोरणी आली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, कोरणी खरी आहे.

प्रश्न (सातारा): नणंदेने जपानहून लाकडी कंगवा आणला. कुणीतरी म्हणालं की जपानात कंगवा भेट देत नाहीत. परत करू का?

उत्तर: अजिबात नको. नणंदेशी वैर घ्यायचं आहे का? पण समजूत आहे हे खरं. तिच्यामागे उच्चाराची एक कोटी सांगतात, ती कुठेही वाचायला मिळेल. मला त्यामागची जुनी गोष्ट जास्त आवडते. पूर्वी सम्राटाच्या घराण्यातली एक कुमारी इसेच्या महामंदिरात सेवेला पाठवत. निघायच्या दिवशी सम्राट स्वतः तिच्या केसांत कंगवा खोवून सांगे, राजधानीकडे परतू नकोस. त्यानंतर दोघांनीही मागे वळून बघायचं नाही. तो 'निरोपाचा कंगवा'. सम्राट असेपर्यंत तिने तिथेच राहायचं, म्हणून परत येणं म्हणजे सम्राटाचं काहीतरी बरंवाईट होणं. अशा कंगव्याची भेट कुणाला हवीशी वाटेल?

पण त्याहून जुनी बाजू रक्षणाची आहे. 712 सालच्या कोजिकी या पुराणकथांच्या ग्रंथात इझानागी हा देव पाताळातून पळताना मागे लागलेल्या राक्षसिणीकडे कंगवा फेकतो, त्याचे बांबूचे कोंब होतात आणि ती ते खात बसते. सुसानोओ हा दुसरा देव तर आठ तोंडांच्या सर्पाशी लढायला जाताना ज्या मुलीला वाचवायचं तिचाच कंगवा करून स्वतःच्या केसांत खोवतो. मग लढतो, जिंकतो, तिच्याशी लग्न करतो. भेटवस्तू म्हणून हा अर्थ धरा की!

क्योतोत यासुई कोनपिरा म्हणून देवस्थान आहे. तिथे सप्टेंबरच्या चौथ्या सोमवारी, 1961 पासून, जुने मोडके कंगवे आणि काटे आणून त्यांचे आभार मानतात. मग जुन्या काळापासूनच्या केशरचना करून मुली मिरवणुकीने निघतात. मजा म्हणजे हेच देवस्थान नको असलेली नाती तोडून देण्यासाठी प्रसिद्ध आहे. नणंदेला हे सांगू नका.

कंगवा बॉक्सवुडचा असेल तर पाण्याने धुऊ नका. दात ब्रशने साफ करा आणि अधूनमधून कॅमेलियाचं तेल लावा. नसेल तर दुकानात मिळेल असं कुठलंही तेल चोपडू नका, कोरडाच वापरा.

प्रश्न (अलिबाग): मी शाळेत इतिहास शिकवतो. आपल्या भागातलं काही जपानी पोशाखात पोचलं होतं का?

उत्तर: सर, तुमच्या घरापासून सायकलने जाता येईल इतक्या जवळचं पोचलं होतं. चौल! जपानी कापडांच्या कोशात 'चाउ-जिमा' नावाचं हलकं, पातळ, पट्ट्यांचं रेशीम आहे, आणि त्याची नोंद अशी की मूळ माल हिंदुस्थानातल्या चौलचा, आणला पोर्तुगीजांनी. रेवदंड्याचा तुमचा किल्ला तेव्हा पोर्तुगीजांकडेच होता. गोवा, मलाक्का, मकाव आणि तिथून नागासाकी, असा त्यांच्या जहाजांचा रस्ता. नागासाकी बंदर त्यांच्यासाठी 1571 मध्ये खुलं झालं आणि 1639 मध्ये जपानने त्यांना पार हाकलून दिलं. कापडाची चटक मात्र राहिली. 1681 ते 1684 च्या दरम्यान क्योतोच्या विणकरांनी हे कापड स्वतः विणायला घेतलं. बहुतेक वेळा ते हाकामासाठी वापरत, म्हणजे पुरुष किमोनोवरून घालतात त्या चुणीदार, विजारीसारख्या वस्त्रासाठी. सामुराईच्या कमरेला चौलचं नाव!

एकटं चौलच नाही. मद्रासच्या सां थोमेचं नाव पट्ट्यांच्या सुती कापडाला चिकटलं. कोरोमांडल आणि गुजरातची छापील-रंगीत कापडं 'सारासा' नावाने गेली, आणि पोर्तुगीजांनंतर डच व्यापारी ती आणत राहिले. महाग इतकी की अख्खा कपडा फार थोड्यांना परवडे. चहाच्या समारंभातली भांडी गुंडाळायला, बटव्याला, आतल्या अस्तराला तुकडे वापरत आणि चिंध्याही जपून वहीत चिकटवून ठेवत. पुढे जपानी रंगाऱ्यांनी स्वतःची सारासा केली आणि आज ती किमोनो-ओबीवर अगदी घरची नक्षी झाली आहे.

मुलांना घेऊन कधी क्योतोला गेलात तर जुलैत जा. 17 आणि 24 तारखेला गिओन उत्सवाचे उंच रथ निघतात. त्यांच्या अंगावर टांगलेल्या जुन्या गालिच्यांपैकी काही दख्खनमध्ये विणलेले आहेत असं जाणकार मानतात. गर्दीत कोपर खुपसून पुढे जायची तयारी ठेवा.

प्रश्न (पुणे): बाजारात पुढून उघडं, सैल जॅकेट 'किमोनो' म्हणून मिळतं. तो किमोनो का?

उत्तर: नाही. जवळचं काही असेल तर हाओरी, किमोनोवरून घालायचं जॅकेट. किमोनोच्या कापडाचा तागा साधारण 36 ते 38 सेंटीमीटर रुंद आणि 12 मीटरहून जास्त लांब असतो. तो सरळ रेषांत कापायचा, गोलाई म्हणून नाही, चिंधी फेकायची नाही. उंचीचा फरक बायका कमरेपाशी दुमड घालून जिरवतात. म्हणून आजीचा किमोनो नातीला होतो, आणि शिवण उसवली की पुन्हा सरळ पट्टे हाती येतात. तुमचं जॅकेट छान असेल, घाला.

प्रश्न (ठाणे): भाचीच्या जपानी मैत्रिणीचं फुकुओकात लग्न आहे, आम्हा दोघींना बोलावणं आलंय. किमोनो भाड्याने घ्यावा की साडी चालेल?

उत्तर: साडी नेसा. रेशमी, भरजरी, जी तुम्ही इथल्या लग्नात नेसाल ती. परक्या देशाच्या मानाच्या वस्त्राला तिथे उत्तम स्वागत आहे, आणि भाड्याचा किमोनो दिवसभर सांभाळण्यापेक्षा हातात बसलेली साडी बरी. दोन पथ्यं. पांढरी, मोतिया, फिकट क्रीम काही नको. तो रंग त्या दिवशी नवरीचा. ती पारंपरिक लग्नात नखशिखान्त पांढरी असते आणि केसांवर एकतर मोठं पांढरं टोपडं किंवा रुंद पांढरी पट्टी. या पट्टीचं काम बाईच्या डोक्यावरची मत्सराची शिंगं झाकणं, असं सांगतात. नवऱ्याची शिंगं कशाने झाकतात, हे अजून मला कुणी सांगितलेलं नाही. दुसरं पथ्य जड जाईल: गजरा नको. खरी फुलं केसांत माळणं नवरीसाठी राखून ठेवलेलं असतं. मोत्यांची किंवा रेशमी फुलांची वेणी चालेल. डोंबिवलीच्या वरच्या ताईंना विचारा!

आहेर रोख द्यायचा असतो. मैत्रिणीकडून 30,000 येनची रीत आहे. नोटा तीन, दोनात वाटल्या जाणार नाहीत अशा, आणि कोऱ्या करकरीत. बँकेतून आधीच बदलून घ्या, कारण वापरलेल्या नोटा शोकाच्या पाकिटात घालतात. पाकिटावरच्या दोरीची गाठ न सुटणारी हवी. सुटणाऱ्या गाठीचं पाकीट बाळंतपण, बढती अशा पुन्हा पुन्हा याव्यात अशा आनंदासाठी असतं, ते चुकून घेऊ नका. दुकानात 'लग्नाचं' म्हटलं की बरोबर देतात. पाकीट पर्समधून नुसतं काढून देत नाहीत, फुकुसा नावाच्या छोट्या रेशमी कापडात गुंडाळून नेतात आणि स्वागताच्या टेबलाशी उलगडतात. फुकुसा जांभळा घ्या. लग्नालाही चालतो आणि दुःखाच्या प्रसंगालाही, दोन घ्यावे लागत नाहीत.